घरात एकाचा ताप सगळ्यांना कधी लागतो, कधी लागत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर सांगता येईल. घरात तुम्ही पाच जण: तुम्ही, मिस्टर, पहिलीत जाणारा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. जुलैत मुलाला सर्दी-ताप झाला, दोन दिवसांत बाळाला, मग तुम्हाला. ऑगस्टमध्ये मुलाला उलट्या-जुलाब, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनाही. सप्टेंबरमध्ये मिस्टरांना सणसणीत ताप आला, अंग ठणकायला लागलं, रक्तात प्लेटलेट कमी निघाल्या. पण या वेळी बाकी कुणालाच काही झालं नाही. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, ‘व्हायरल आहे’. तिन्ही वेळा तुम्ही आजाऱ्याचं ताट-वाटी-पेला वेगळा केला, फिनेलने फरशी पुसली, दाराशी सॅनिटायझर ठेवला. तरी दोनदा आजार घरभर फिरला, आणि तिसऱ्यांदा सगळे एका खोलीत झोपूनही फिरला नाही. आमचं चुकतंय कुठे, आणि मुलाला शाळेत परत कधी पाठवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावात लहान मुलांचा डॉक्टर आहे. पावसाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो, आणि विचारणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा अपराधीपणा असतो. तो तुम्ही आधी काढून टाका. तुमची मेहनत कुठेही कमी पडलेली नाही. ते तीन वेगळे आजार होते, तीन वेगळ्या वाटांनी आले होते, आणि बंदोबस्त तिन्हींचा एकच झाला. पेशंट न तपासता निदान करणं बरोबर नाही, त्यामुळे पुढे मी ‘बहुधा’ म्हणेन तिथे तो शब्द खराच घ्या. पण तुम्ही दिलेल्या तारखांवरून बरंच काही कळतं.

मी आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतो तो ताप किती होता हा नाही. घरात पहिला कोण पडला, आणि दुसरा किती दिवसांनी, हे आधी विचारतो. प्रत्येक विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ठरावीक वेळ घेतो. सर्दीला एक ते तीन दिवस लागतात, फ्लूला साधारण दोन. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास. डेंग्यूला डास चावल्यापासून चार ते दहा दिवस. गोवर, कांजिण्या, गालगुंड यांना दीड ते तीन आठवडे. पाण्यातून येणाऱ्या काविळीला तर महिना किंवा त्याहून जास्त. म्हणून सांगतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात कोण कधी आजारी पडलं तेही लिहा. एका मुलाला कांजिण्या आल्यावर दुसऱ्याला सोळाव्या दिवशी आल्या, तर त्या पहिल्याकडूनच आल्या. दुसऱ्याच दिवशी आल्या, तर दोघांनाही त्या बाहेरून एकदमच लागलेल्या आहेत. आणि एका लग्नाला गेलेले चार जण एकाच रात्री उलट्या करायला लागले, तर ते एकमेकांकडून नव्हे, त्या जेवणातून किंवा पाण्यातून आलं.

आता जुलैची सर्दी. बाळाला दोन दिवसांनी, तुम्हाला आणखी दोन दिवसांनी, म्हणजे साखळी स्पष्ट आहे: मुलगा, बाळ, आई. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या घरात आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार. त्यामुळे एकदा झाली म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं. शाळेत नुकतं जायला लागलेल्या निरोगी मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे, त्याची प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून मिळणारी सिरपं यासाठी विकत घेऊ नका.

ताट वेगळं करून ही सर्दी का थांबली नाही? कारण तिचा मोठा साठा नाकात असतो, आणि नाकातून तो हातावर येतो. मी दवाखान्यात समोर बसून रोज पाहतो: मुलगा नाक हाताच्या पालथ्या बाजूने पुसतो, आई त्याचं नाक पदराने किंवा ओढणीने टिपते, आणि त्याच पदराने मांडीवरच्या बाळाचं लाळेने भरलेलं तोंडही. हे प्रेमाने होतं, नकळत होतं, आणि त्या एका क्षणात ताट वेगळं केल्याचा सगळा फायदा जातो. दुसरी जागा म्हणजे बेसिनशेजारी टांगलेला नॅपकिन. सगळे हात धुतात आणि सगळे त्याच ओल्या नॅपकिनला पुसतात. आजारी माणसाला वेगळा पेला देण्याआधी वेगळा नॅपकिन द्या. नाक पुसायला जुन्या सुती साडीचे छोटे तुकडे करून ठेवा. एकदा वापरला की थेट धुण्याच्या बादलीत.

सर्दी हातांनी जास्त पसरते की हवेतून, यावर शास्त्रज्ञांचंही पूर्ण एकमत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या प्रयोगांमध्ये हातांची वाट ठळक दिसली. विस्कॉन्सिनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्दी झालेल्यांना निरोगी लोकांबरोबर तासन्‌तास पत्ते खेळायला बसवलं आणि काही निरोगी लोकांचे हात चेहऱ्यापर्यंत पोचूच नयेत अशी सोय केली. तरी त्यांनाही सर्दी झाली, म्हणजे ती हवेतून आली. माझा स्वतःचा कल असा: लहान मूल असलेल्या घरात हात आधी सांभाळा, कारण तिथे स्पर्श सतत असतो, आणि हवेसाठी खिडकी उघडा, त्याला पैसे पडत नाहीत.

अजून एक अडचण आहे. आपण वेगळं करायला सुरुवात करतो ती ताप आल्यावर. फ्लूचा माणूस त्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू बाहेर टाकत असतो. त्यामुळे घरातला प्रसार शून्यावर आणता येत नाही, कमी करता येतो, आणि मुख्य म्हणजे ज्यांना तो महागात पडेल त्यांना जपता येतं. तुमच्या घरात असे दोघे आहेत: बाळ आणि सासूबाई. मुलाला खोकला-ताप असेल तर त्या चार-पाच रात्री त्याला आजीजवळ झोपवू नका, भले तो रोज गोष्ट ऐकत तिथेच झोपत असेल. तुम्हाला सर्दी झाली तरी बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका. तोंडावर मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. दुधातून सर्दी जात नाही, उलट तुमच्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं बाळाला मिळतात. सासूबाईंना फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी द्या. मधुमेहात फ्लू छातीत उतरण्याचा धोका जास्त असतो, आणि त्यांना फ्लूसारखा ताप आलाच तर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, कारण त्यावरचं औषध लवकर सुरू केलं तरच नीट लागू पडतं.

सासूबाई म्हणतात की नातू पावसात भिजला म्हणून आजारी पडला. त्यांचं निरीक्षण खोटं नाही, पावसाळ्यात आजार वाढतातच. पण नुसत्या पावसाच्या पाण्यातून सर्दी येत नाही, विषाणू दुसऱ्या माणसाकडूनच यावा लागतो. पावसात वर्गाच्या खिडक्या लावल्या जातात, दमट कपड्यांतली पन्नास मुलं एका खोलीत बसतात, आणि तिथे तो मिळतो. भिजलेल्या मुलाला कोरडं करून गरम काहीतरी द्यावंच. त्यावरून घरात वाद घालू नका.

ऑगस्टचे उलट्या-जुलाब ही वेगळीच वाट. इथे विषाणू शौचातून आणि उलटीतून बाहेर पडतो आणि तोंडातून आत जातो. बहुधा नोरोव्हायरस असावा, कारण मुलानंतर मोठ्या माणसाला एका दिवसात झाला. रोटाव्हायरस लहान मुलांना जास्त छळतो, आणि त्याची लस आता सरकारी लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मोफत मिळते. तुमच्या बाळाच्या कार्डावर तिन्ही नोंदी आहेत का, पाहून घ्या.

या वाटेवर तुमचा सॅनिटायझर कमी पडला. फ्लू, कोविड अशा विषाणूंवर चरबीचं आवरण असतं. साबण किंवा अल्कोहोल लागलं की ते आवरण फुटतं, तुपकट भांडं साबणाने सुटावं तसं, आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही, आणि तो अगदी थोडा पोटात गेला तरी आजार होतो. तिथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली चोळून हात धुणं हाच उपाय. विषाणू मरो न मरो, हातावरून वाहून जातो. वीस सेकंद म्हणजे किती ते मुलांना कळत नाही. मी त्यांना सांगतो, अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखं झाल्याशिवाय नळापासून हलायचं नाही.

फिनेलच्या वासाने घर स्वच्छ वाटतं, पण नोरोव्हायरससाठी ते भरवशाचं नाही. उलटी झालेली जागा आधी जुन्या कापडाने किंवा कागदाने टिपून घ्या, ते पिशवीत बांधून टाका. मग पाच टक्क्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात वीस मिली घालून त्याने ती जागा ओली करा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. संडासचा नळ, फ्लशचं बटण, दाराची कडी हेही त्याच पाण्याने. हातात मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि हे ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. बरं वाटल्यावरही शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्त जाऊ शकतो. म्हणून आजारी पडलेल्या माणसाने शेवटच्या उलटी-जुलाबानंतर किमान दोन दिवस कणीक मळू नये, कोशिंबीर चिरू नये. सासूबाई स्वयंपाकघरातल्या मुख्य असतील तर हे सांगणं अवघड जातं, पण माझं नाव घेऊन सांगा.

याच तोंडाच्या वाटेने अ आणि ई काविळी (हिपॅटायटिस ए आणि ई) येतात, आणि त्यांचं वाहन बहुतेक वेळा पाणी असतं. १९५५च्या डिसेंबरात आणि १९५६च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची मोठी साथ आली, सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. नाल्याचं सांडपाणी यमुनेत उलटं येऊन शहराला पाणी जिथून घेतात तिथे मिसळलं होतं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्याच काळात टायफॉइड वाढला नाही. पाण्यात क्लोरीन टाकलं जात होतं. त्याने जिवाणू मेले, विषाणू मात्र टिकला. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासले तेव्हा ती साथ ई काविळीची होती हे कळलं. आपल्याकडे २०१२ साली इचलकरंजीत हेच झालं. ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं की खळखळून उकळी येऊ द्या, आणि गल्लीत काविळीचे दोन पेशंट ऐकू आले तर पुढचे दोन महिने उकळत राहा.

आता सप्टेंबर, ज्याची तुम्हाला सगळ्यात कमी काळजी वाटली कारण तो पसरला नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. जोराचा ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, घरात दुसऱ्या कुणाला नाही: हा बहुधा डेंग्यू होता. डेंग्यू माणसाकडून माणसाला श्वासाने, स्पर्शाने, उष्ट्याने लागत नाही. त्याला मध्ये एडिस डास लागतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत डास त्या माणसाला चावला की विषाणू डासात जातो, तिथे साधारण आठ ते बारा दिवस वाढतो, आणि मग तो डास मरेपर्यंत प्रत्येक चाव्यात विषाणू देऊ शकतो. म्हणजे मिस्टरांच्या तापानंतर पंधरा दिवस ते तीन आठवड्यांनी घरात किंवा शेजारी कुणाला ताप आला असता, तर तो त्यांच्याकडूनच आलेला असू शकतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. या आजारात ताट नव्हे, मच्छरदाणी वेगळी लागते, तीही दिवसा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. तापाने पडलेला माणूस नेमका दिवसभर झोपून असतो.

गटाराजवळ धूर मारून हा डास फारसा जात नाही, कारण तो गटारात वाढत नाही, तुमच्या घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरच्या टाकीचं उघडं झाकण, न वापरता ठेवलेला कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. अंडं ते डास हा प्रवास सात ते दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काथ्याने घासावंच लागतं. एकदा एका घरात मी बाटलीतलं पाणी हातावर ओतून आळ्यांची वळवळ दाखवली, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

इथे एक पेच आहे. सर्दीसाठी मी खिडकी उघडा म्हणतो, आणि डासांसाठी तुम्ही संध्याकाळी ती लावता. खिडकीला जाळी बसवा. भाड्याचं घर असेल तर वेल्क्रोने लावायची जाळी मिळते.

इतकं मोठं लिहिल्यावर एकदा थांबून सांगतो. घरात कुणी आजारी पडलं की नाक-खोकला आहे, पोट बिघडलंय, की नुसता ताप आणि अंगदुखी आहे, हे आधी बघा. नाक-खोकला असेल तर हात, नॅपकिन, खिडकी, मास्क. पोट असेल तर साबण, ब्लीच, पाणी, स्वयंपाकघर. नुसता ताप असेल तर मच्छरदाणी आणि डॉक्टर.

दोन अपवाद. गोवर सर्वांत जास्त संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहतो. तिथे ना हात धुणं पुरतं ना ताट, फक्त लस. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला साथ आली, तेव्हा लस न मिळालेल्या मुलांचेच सर्वाधिक हाल झाले. तुमच्या बाळाचा नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस झाला नसेल तर या आठवड्यात घ्या. दुसरा अपवाद डोळे येण्याचा. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते त्याच्या टॉवेलमुळे, उशीच्या अभ्र्यामुळे आणि हातामुळे येतात. काळा चष्मा त्याला उजेड सोसावा म्हणून, तुमच्या संरक्षणासाठी नाही.

शाळेचं विचारलंत म्हणून: औषध न देता चोवीस तास ताप नसेल आणि मूल खेळत-जेवत असेल तर सर्दी पूर्ण गेली नसली तरी पाठवा. जुलाब-उलट्या थांबून दोन दिवस होऊ द्या. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवा. परीक्षा आहे म्हणून तापातल्या मुलाला पॅरासिटामॉल देऊन पाठवणारे पालक मी पाहतो. कृपा करून तसं करू नका, त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरीही दहा महिन्यांचं बाळ असू शकतं.

औषधांचं थोडक्यात. यातल्या कुठल्याच विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही दुखण्याची औषधं नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. लहान मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन कधीच नको. जुलाबात ओआरएस, आणि बाळाचं दूध चालू.

दवाखान्यात कधी धावायचं तेही सांगतो. बाळ शांत असताना छाती किती वेळा वरखाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजा: दोन महिन्यांवरच्या आणि वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर लगेच निघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप असला तरी थांबू नका. सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त आहे, आकडी आली, दूध ओढत नाही, तरी तेच. डेंग्यूत मात्र ताप उतरला म्हणून सुटलो असं समजू नका. धोक्याचे एक-दोन दिवस ताप उतरतानाच येतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, अस्वस्थपणा, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच रात्री ॲडमिट होता येईल अशा ठिकाणी जा.

आणि मिस्टरांचे सप्टेंबरचे रिपोर्ट फेकू नका. त्यात ‘एनएस-१’ किंवा ‘डेंग्यू आयजीएम’ असं काही तपासलंय का, आणि पॉझिटिव्ह आहे का, ते बघून इथेच लिहा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त अवघड जाऊ शकतो. पुढे कधी त्यांना असा ताप आला, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिली गोष्ट हीच सांगायची.